सेक्टर १७ : सुताराने घडवलेले काँक्रीट

चंदीगडच्या सेक्टर १७ मधल्या बाजारपेठेत गाड्यांना मज्जाव आहे. मधल्या फरसबंद चौकात उभे राहिले की सभोवार त्याच त्या चार मजली इमारती दिसतात, ठरावीक अंतरावरचे खांब, सावलीचे व्हरांडे, उघडे राखाडी काँक्रीट. दुकानदाराने आत काय हवे ते मांडावे, पण दर्शनी भागाला हात लावायचा नाही, ल कॉर्बुझिए हा वास्तुकार आणि त्याचा चुलतभाऊ प्येर जान्रे यांनी घालून दिलेला हा दंडक. एवढा सारखेपणा पाहून वाटते की हे सगळे यंत्राचे काम असावे.

प्रत्यक्षात हे शहर माणसांच्या डोक्यावरून वर चढले. आराखडा १९५१ चा. तेव्हा सिमेंट आणि पोलाद दुर्मीळ, वीट स्वस्त आणि मजूर भरपूर. स्विस छायाचित्रकार अर्न्स्ट शायडेगर याने १९५० च्या दशकात काढलेल्या फोटोंत परांचीच्या उतारावरून घमेली घेऊन चढणाऱ्या बायका दिसतात. माती-विटा वाहायला गाढवे होती. कॉर्बुझिए वर्षातून दोनदा येऊन जाई. जान्रे १९६५ पर्यंत तिथेच राहिला, आणि मला विचाराल तर चंदीगडचे खरे श्रेय त्याच्या पदरात जास्त पडायला हवे.

या बांधकामातला मुख्य कारागीर मात्र गवंडी नव्हे, सुतार. काँक्रीट ओतायचा लाकडी साचा, म्हणजे सेंट्रिंग, तोच ठोकतो. गिलावा करायचा असेल तर हा साचा कसाही ठोकला तरी चालतो. वरचा थर सगळे झाकून टाकतो. उघड्या काँक्रीटला ती सोय नाही. दोन फळ्यांच्या फटीतून सिमेंटचे पाणी गळाले की तिथे खडी उघडी पडते. टेकू जरा सरकला की खांबाला पोट सुटते. दुपारी थांबवलेले ओतकाम दुसऱ्या दिवशी पुढे नेले तर सांध्याची रेघ उमटते. फळीची रुंदी, गाठ, रेषा, सगळे उलटे छापले जाते. म्हणजे आपण भिंत पाहतो तेव्हा काढून टाकलेले लाकूडच पाहत असतो.

जपानला हे चांगलेच ठाऊक होते. कुनिओ माएकावा हा तरुण वास्तुकार १९२८ ते १९३० या काळात कॉर्बुझिए-जान्रे यांच्या पॅरिसमधल्या कचेरीत होता. पुढे त्याने तोक्योत उघड्या काँक्रीटच्या इमारती उभ्या केल्या, तेव्हा त्याच्या देशात लाकडी सांध्यांची शतकानुशतकांची विद्या असलेले सुतार होते.

पण जपानी खेड्यातली जुनी भिंत वेगळ्या न्यायाने चालते. बांबूच्या कामट्या गवताच्या दोरीने बांधायच्या, त्यावर पेंढा घालून मुरवलेला चिखल थरांनी लिंपायचा. आपल्याकडे कोकणातला कूडही त्याच जातीचा: कारवीच्या काठ्या, माती, शेण. भिंत भेगाळली की घरातलेच कोणीतरी हात ओला करून ती बुजवते. शिराकावा-गो गावात छपराचे गवत बदलायला अख्खा गाव जमतो, त्या परस्पर मदतीला ‘युई’ म्हणतात; कोकणात पावसाआधीच्या शाकारणीला शेजारी येत. दुरुस्ती हा त्या बांधकामाचाच भाग.

काँक्रीटला असा वार्षिक हात लागत नाही. पाणी आतल्या सळीपर्यंत पोचले की सळी गंजते, गंज फुगतो, वरचा थर सुटतो. ठिगळ लावता येते, पण नव्या मिश्रणाचा रंग जुन्याशी जुळत नाही, आणि रंग फासून ते लपवायचीही सोय नाही. त्यात युनेस्कोने २०१६ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतला तो चंदीगडचा कॅपिटॉल परिसर. सेक्टर १७ त्या यादीत नाही, तिथे रोजचा बाजार आहे, पाट्या आहेत, एसीचे डबे आहेत.

आणि दुरुस्ती नीट करायचीच म्हटली तर सिमेंट मिळेल, वाळू मिळेल. अडचण फळीची आहे. आताच्या साइटवर सेंट्रिंग म्हणजे प्लायवूड आणि पत्रा. त्यातून निघणारे ठिगळ गुळगुळीत येते, आणि जुन्या भिंतीवर ते लांबूनही कळते.