रस्त्यावरचा पोलादी पूल

पूल म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे नदी येते. मी सांगणार आहे तो पूल गावच्या रस्त्यावरचा आहे. अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या लहान गावांत, रस्त्याच्या डोक्यावरून आगगाडी नेणारे असे गर्डरचे पूल विसाव्या शतकाच्या आरंभी पुष्कळ झाले.

त्याआधी रूळ आणि रस्ता एकाच पातळीवर एकमेकांस छेदून जात आणि तेथे माणसे मरत. 1897 च्या कायद्याने ठरविले की, अशी फाटके काढण्याचा निम्मा खर्च रेल्वे कंपनीने, पाव राज्याने आणि पाव गावाने सोसावा. कंपनीने तो आपण होऊन सोसला असता असे मला वाटत नाही. पण मी पडलो युनियनचा माणूस. पुढे 1925 साली याच कामासाठी 30 कोटी डॉलरचे कर्ज काढण्यास मतदारांनी संमती दिली.

आता रचना पाहू. मनमाडला रेल्वेच्या कारखान्यात गर्डर बनतात. ते ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे लवकर उमजेल. गर्डर म्हणजे उभा पोलादी पत्रा आणि त्याच्या वरखाली जोडलेल्या जाड आडव्या पट्ट्या. गाडीच्या भाराने वरची पट्टी दाबली जाते, खालची ताणली जाते. 60 फूट लांबीच्या गर्डरला साधारण पाचसहा फूट उंची लागते. तो रुळाखाली ठेवला तर एवढी उंची रस्त्याच्या माथ्यावरून वजा होते. मग रूळ उचलावे लागतात, आणि रूळ उचलणे सोपे नाही. दोनशे फुटांत एक फूट असा चढ धरला, तर तीन फूट उचलण्यासाठी दोन्ही बाजूंस सहाशे-सहाशे फूट भराव हवा.

यावर युक्ती अशी की, गर्डर रुळांच्या दोन्ही बाजूंस भिंतीसारखे उभे करायचे आणि त्यांच्या तळाशी आडव्या तुळया टाकून मधून गाडी न्यायची. मात्र वरच्या पट्टीला मग कुणाचा आधार राहत नाही. दाबाखाली ती बाजूस कलंडू पाहते. म्हणून प्रत्येक तुळईपाशी आतून त्रिकोणी पत्रे ठोकतात. पुलावर दिसणारे ते त्रिकोण शोभेचे नव्हेत.

हे सारे जोडले ते रिव्हेटांनी. चौघांची टोळी असे. एक भट्टीत रिव्हेट लाल करून चिमट्याने फेकी, दुसरा तो पत्र्याच्या डब्यात झेलून भोकात बसवी, तिसरा मागून जड लोखंड टेकवी, चौथा हवेच्या हातोड्याने डोके ठोकी. निवताना रिव्हेट आखडतो आणि पत्रे घट्ट आवळतो. या आवाजात काढलेल्या वर्षांनी माणसे बहिरी होत.

अशा कित्येक पुलांवर अमेरिकन ब्रिज कंपनीची पाटी आहे. 28 कंपन्या एकत्र करून ही कंपनी 1900 साली निघाली. तिने युनियनबाहेरची माणसे घेण्याचा आग्रह धरला, तेव्हा 1905 साली पूल-कामगारांनी संप केला. पाटीवर कंपनीचे नाव असते, टोळीचे नसते. पूल तपासणारा मात्र टोळीच्याच कामावर लहान हातोडी मारून पाहतो. ढिला झालेला रिव्हेट बद्द वाजतो.