कुंतीपुळेची अरुंद घळई

कुंतीपुळा ही तशी छोटी नदी. केरळच्या पालक्काड जिल्ह्यात, निलगिरीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या उंच डोंगरांत उगम पावते, मण्णारकाडपाशी सपाटीला लागते आणि पुढे तूतापुळेतून भारतपुळेत जाते. तिच्या काठी मोठं तीर्थक्षेत्र नाही की शहर नाही. सायलेंट व्हॅली या खोऱ्यातल्या तिच्या जेमतेम पंधरा किलोमीटरांवर मात्र विसाव्या शतकात इतका कागद काळा झाला, की भल्याभल्या नद्यांनी हेवा करावा.

भांडण होतं धरणाचं, आणि त्याचं मूळ भूगोलात आहे. खोऱ्याच्या उत्तरेला निलगिरीचं पठार भिंतीसारखं उभं आहे. अंगिंडा शिखर २,३८३ मीटर. बाकीच्या बाजूंनाही डोंगररांगा. नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे जाते आणि पूर्वेला दोन, पश्चिमेला पाच किलोमीटर रुंदीचं जंगल सोडते. बारा किलोमीटरांत तिचं पात्र १,८६१ मीटरवरून ९०० मीटरवर येतं. पण शेवटच्या आठ किलोमीटरांत उतार आहे फक्त साठ मीटरांचा! म्हणजे धावपळ सगळी वरच्या चार किलोमीटरांत. पुढे ती उथळ, नितळ, बारमाही वाहते. नागमोडी वळणं नाहीत, पूरमैदान नाही. मग दक्षिणेला सैरंध्रीपाशी दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येतात आणि अरुंद घळईतून नदी खाली निसटते.

हा नकाशा धरण बांधणाऱ्यासमोर ठेवा. आत ऐसपैस खोरं, तोंड चिंचोळं, तोंडाबाहेर थेट उतार. आखूड भिंत घातली की पाणी साठणार आणि उंचावरून सोडलं की जनित्रं फिरणार. १९२८ मध्येच सैरंध्रीची जागा विजेसाठी हेरली गेली होती, यात नवल नाही. आपल्याकडे कोयनाही अशीच उत्तर-दक्षिण वाहत येते आणि हेळवाकला पूर्वेकडे वळते. त्या वळणाच्या अलीकडे धरण झालं आणि वरचं खोरं शिवसागराखाली गेलं. त्या काळात त्याबद्दल फारसं कुणी विचारलं नाही.

धरणाच्या वादाआधीही कुंतीपुळेचं खोरं अगदीच अस्पर्श नव्हतं. १८४७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइट इथे येऊन गेला. एकोणिसाव्या शतकात कॉफीचे प्रयोग झाले, ते टिकले नाहीत. १९१४ मध्ये राखीव जंगल झालं, आणि १९२७ ते १९७६ या काळात काही भागांतून लाकूड निघत राहिलं. ‘मानवाचा स्पर्श न झालेलं अरण्य’ असं जे छापून येतं, ते मला म्हणूनच खटकतं. घाटावरच्या वाटा दूर आणि अवघड, एवढ्यावर बरंचसं तगलं, इतकंच.

१९७३ मध्ये नियोजन आयोगाने सैरंध्रीच्या धरण-वीज प्रकल्पाला मंजुरी दिली. वीजटंचाईच्या केरळला वीज आणि पालक्काड-मलप्पुरममधल्या सुमारे दहा हजार हेक्टरांना पाणी मिळणार होतं. ही मागणी खोटी नव्हती, आणि विरोधकांपैकी काहींनी ती उडवून लावली हे बरं केलं नाही. बुडणार होतं ८.३ चौरस किलोमीटर जंगल. आकडा लहान वाटतो, पण ते नदीकाठचं, त्या मंद उताराच्या तुकड्यातलं जंगल होतं. तिथे कलेनिया नावाचं उंच झाड वाढतं. त्याची पाकळ्या नसलेली फुलं फांदीलाच झुबक्यांनी लागतात आणि फळ फणसासारखं काटेरी. सिंहपुच्छ वानरं या फुलाफळांवर बरीचशी अवलंबून असतात. झाडांचं छत सलग असलं तरच त्यांचे कळप टिकतात.

१९७६ मध्ये केंद्राने जफर फतेहअलींच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमलं. त्याने प्रकल्प सोडून द्या असं सांगितलं, पण सोडणं जमत नसेल तर सतरा अटी पाळा, अशी पुस्तीही जोडली. सरकारने अर्थातच पुस्ती तेवढी उचलली! अटी पाळू म्हटलं की काम सुरू करायला मोकळीक. केरळ शास्त्र साहित्य परिषद, कवयित्री सुगतकुमारी, मुंबईहून सालिम अली असे सगळे मग या लढ्यात एका बाजूला आले.

डिसेंबर १९८० मधला निर्णय तर भूगोलाची थट्टाच होती. राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं, पण प्रकल्पाची जागा वगळून. म्हणजे डोंगर राखायचे आणि ज्या नदीने ते खोरं घडवलं तिचा काठ बुडवायचा. पुढे एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती आली. तिच्यात पुण्याचे माधव गाडगीळही होते. १९८३ मध्ये अहवाल गेला, प्रकल्प बारगळला. १५ नोव्हेंबर १९८४ ला घळईसकट ८९.५२ चौरस किलोमीटरचं उद्यान झालं आणि ७ सप्टेंबर १९८५ रोजी राजीव गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. उद्यान जाहीर झालं तेव्हा इंदिरा गांधींच्या हत्येला पंधरवडाच झाला होता.

प्रश्न मिटला म्हणावं, तर तसं नाही. २००१ मध्ये पात्रक्कडवूचा प्रस्ताव आला: धरण उद्यानाबाहेर, सैरंध्रीच्या खाली साडेतीन किलोमीटरवर. कागदावर एक झाडही उद्यानातलं जात नव्हतं. पण नदी तीच, उतार तोच आणि दोन्ही काठांचं जंगलही सलग. उद्यानाची हद्द तिथे संपते ती केवळ नकाशावर. २००७ मध्ये भोवतालच्या १४८ चौरस किलोमीटरांच्या बफर क्षेत्राला मंजुरी मिळाली आणि पात्रक्कडवू मागे पडलं.