तळघराला घाम फुटतो तेव्हा

मिनीॲपोलिसला लेकीकडे गेले होते, तेव्हा जुलै चालू होता. आदल्या वर्षीच तिने घराखालचं बेसमेंट नीट करून घेतलं होतं. पांढऱ्या भिंती, गालिचा, दिवे. मराठी मित्रमंडळींच्या नाटकाच्या तालमी तिथेच चालत. जिना उतरताना नाकात शिरलेला वास मात्र माझ्या चांगल्याच ओळखीचा होता. कोकणातल्या घरात श्रावणात कपाट उघडावं, तसा कुबट. शेवटी भिंतीवरचा एक बोर्ड काढला. आतल्या फायबरग्लासच्या गाद्यांचा ओला लगदा झालेला आणि लाकडी चौकटीवर काळी बुरशी. आठवडाभर पाऊस नव्हता, नळ कुठे गळत नव्हता. मग पाणी आलं कुठून?

उत्तरासाठी आधी जमिनीखाली जावं लागतं. हिवाळ्यात तिथली माती गोठते, आतल्या पाण्याचा बर्फ होऊन फुगते आणि वरचा पाया उचलते. म्हणून मिनेसोटाच्या बांधकाम नियमांत दक्षिण भागात पाया किमान ४२ इंच आणि उत्तरेत ६० इंच खोल लागतो. एवढं खणलंच आहे, तर आणखी चार फूट खणून अख्खा मजला का मिळवू नये? उत्तर अमेरिकेच्या थंड भागात घरोघरी तळघरं दिसतात, ती मुख्यतः या हिशेबाने.

वरचा उन्हाळा-हिवाळा मातीतून लाटेसारखा खाली झिरपतो आणि झिरपताना मंदावतो. हे गणित फ्रेंच गणिती फूरिए याने दोनशे वर्षांपूर्वी मांडलं. साधारण ओलसर मातीत सुमारे अडीच मीटर खोलीवर तापमानाचा चढउतार वरच्यापेक्षा जेमतेम एक-तृतीयांश उरतो, आणि तोही जवळजवळ दोन महिने उशिरा पोचतो. म्हणजे वर जुलैचं ऊन तापलेलं असतं, तेव्हा तळघराच्या फरशीखाली अजून मे महिनाच चालू असतो.

आता बर्फाचं पाणी घातलेला स्टीलचा पेला आठवा. बाहेरून त्याला घाम सुटतो. ते पाणी पेल्यातून झिरपलेलं नसतं, खोलीतल्या हवेतलं असतं. २५ अंश तापमानाची, ७० टक्के आर्द्रतेची हवा १९ अंशांच्या खालच्या कोणत्याही पृष्ठभागाला टेकली की तिच्यातलं बाष्प तिथे पाणी होऊन बसतं. लेकीच्या तळघराची काँक्रीटची भिंत खालच्या बाजूला पंधरा अंशांच्या आसपास असावी. तिथे तर उन्हाळाभर तळघर ‘सुकावं’ म्हणून खिडक्या सताड उघड्या ठेवल्या जात होत्या! जितकी हवा आत, तितकं पाणी आत.

हिवाळ्यात हाच प्रकार भिंतीच्या वरच्या टोकाला होतो. तिथे बाहेरची माती गोठलेली असते आणि काही भाग तर थेट वाऱ्यात. घरातली २१ अंशांची, ४० टक्के आर्द्रतेची हवा साताच्या खाली गेली की ओलावते. फायबरग्लास उष्णता अडवतं, हवा अडवत नाही. हवा त्याच्यातून आरपार जाऊन थंड काँक्रीट गाठते. शिवाय काँक्रीटही कोरडं नसतं. मातीतलं पाणी ते दिव्याच्या वातीसारखं शोषत राहतं. कंत्राटदाराने बोर्डामागे प्लास्टिकचा कागदही ताणला होता, त्यामुळे आत शिरलेल्या ओलीला घराच्या बाजूने सुकायची वाटच उरली नाही. ही पद्धत तिकडे वर्षानुवर्षं सर्रास चालत आली आहे, आणि तिने किती घरांत बुरशी पोसली असेल या विचाराने मला खरंच वाईट वाटतं. मुलं खेळतात या खोल्यांत.

तळघर उबदार करायचं, तर उबदार हवेची आणि थंड काँक्रीटची गाठच पडू द्यायची नाही. त्यासाठी फोमचे कडक तक्ते थेट काँक्रीटला चिकटवतात, सांधे पट्टीने बंद करतात आणि लाकडी चौकट त्याच्या अलीकडे उभी करतात. दोन इंची फोम जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला काँक्रीटची भिंत सुमारे आठ फूट जाड लागेल. फोम पेट घेतो, म्हणून त्याच्यावर जिप्सम बोर्ड हवाच. तळमजल्याच्या तुळया भिंतीवर टेकतात तिथल्या फटीही बुजवाव्या लागतात. हिवाळ्यात घर धुराड्यासारखं वागतं. गरम हवा माळ्यातून निसटते आणि तिच्या जागी गारठा याच फटींतून आत ओढला जातो.

पण या सगळ्याच्या आधी पाणी. पन्हळीचं पाणी भिंतीपासून लांब सोडायचं, अंगणाचा उतार घरापासून बाहेरच्या दिशेने ठेवायचा. फरशीवर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. खालून ओल धरली, तर गालिच्याचा विचार सोडावा. भिंतीवर फुलणारे पांढरे क्षार हीही पाझराचीच खूण.

लेकीने सगळं उपसलं. फरशीवर आधी खळगेदार प्लास्टिक, मग फोम, वर प्लायवूड. काँक्रीट पायाची ऊब भराभर ओढून घेतं, लाकूड तसं ओढत नाही. उन्हाळ्यात आता खिडक्या बंद असतात आणि हवेतलं पाणी काढणारं यंत्र चालू.

एक काम मात्र मी हट्टाने करायला लावलं. १९८४च्या डिसेंबरात पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात एक अभियंता आला की किरणोत्साराचे भोंगे वाजू लागत. केंद्र तर अजून सुरूही झालं नव्हतं. किरणोत्सारी कण त्याच्या घरून येत होते. मातीतल्या युरेनियमपासून तयार होणारा रॅडॉन वायू जमिनीतून त्याच्या घरात साठला होता. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानाखालोखाल त्याचं नाव घेतलं जातं. तळघरात तो सर्वांत आधी शिरतो. मोजणीचा संच दुकानात स्वस्तात मिळतो. लेकीच्या घरातला आकडा अमेरिकी सरकार ज्या पातळीला उपाय करायला सांगतं, तिच्या वर निघाला, तेव्हा प्लायवूड ठोकायच्या आधीच काँक्रीटला भोक पाडून, खालची हवा खेचून छपरावर सोडणारा पाइप बसवून घेतला. पंखा माळ्यावर आहे. तालमीत त्याचा आवाज येत नाही.