डायलिसिसच्या पेशंटला खजूर-बीट देऊन हिमोग्लोबिन का वाढत नाही?

‘हिमोग्लोबिन आठवर आलंय’ असं कळलं की आपल्याकडे पहिलं काय होतं? कुणी खजूर आणतं, कुणी बिटाचा रस काढतं, मावशी फोनवर सांगते की भाजी लोखंडी कढईत करा. एरवी हे ठीक आहे. पण घरातला माणूस डायलिसिसवर असेल तर हाच प्रेमाचा खजूर महागात पडू शकतो. खजूर, बीट, डाळिंब यांत पोटॅशियम भरपूर असतं. किडनी निकामी असली की ते रक्तात साचतं, आणि फार साचलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. त्यामुळे आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय हे पदार्थ सुरू करू नका.

मग रक्त वाढवायचं कसं?

आधी ते कमी का होतं ते पाहू. किडनी फक्त लघवी तयार करत नाही, ती एरिथ्रोपोएटिन नावाचं हार्मोनही बनवते. लाल पेशी तयार करा, हा निरोप हाडांमधल्या मज्जेला या हार्मोनकडून मिळतो. किडनी बिघडली की निरोप थांबतो, म्हणून या हार्मोनची इंजेक्शनं देतात. पण नुसता निरोप पोचून काय उपयोग? कच्चा माल, म्हणजे लोह, तर हवं ना!

आणि ते सतत गळत असतं. प्रत्येक डायलिसिसनंतर थोडं रक्त फिल्टरमध्ये आणि नळ्यांत अडकून राहतं, शिवाय तपासण्यांसाठी वरचेवर रक्त काढलं जातं. वर्षभरात यातून साधारण एक ते दोन ग्रॅम, कधी त्याहून जास्त लोह जातं. आपल्या अख्ख्या शरीरात लोह असतं तीन ते चार ग्रॅम!

गोळ्यांनी ही तूट भरत नाही, कारण हेपसिडिन. लिव्हरमध्ये तयार होणारं हे हार्मोन आतड्यातून लोह रक्तात शिरू देत नाही आणि शरीरात साठलेलं लोहही अडवून धरतं. किडनीच्या आजारात त्याचं प्रमाण वाढतं. मग गोळी घेतली तरी पोट बिघडतं, शौचाला काळं होतं, हिमोग्लोबिन मात्र तिथंच. आजाराच्या आधीच्या टप्प्यांत गोळ्या चालतात, पण मशीनवरच्या डायलिसिसमध्ये त्या बहुतेकदा अपुऱ्या पडतात.

म्हणून लोह थेट रक्तात देतात. आयर्न सुक्रोज हे त्यासाठी नेहमी वापरलं जाणारं औषध. गडद तपकिरी रंगाचं असतं. डायलिसिस चालू असतानाच मशीनच्या नळीतून हळूहळू सोडतात, वेगळी सुई टोचावी लागत नाही.

किती द्यायचं, यावर डॉक्टरांमध्ये बरीच वर्षं मतभेद होते. जास्त लोहामुळे जंतुसंसर्ग वाढेल, हृदयाला त्रास होईल अशी भीती होती. ब्रिटनमध्ये 2141 पेशंटवर झालेल्या ‘पिव्होटल’ या अभ्यासाने त्याचं बरंचसं उत्तर दिलं. एका गटाला पातळी खूप खाली गेल्यावरच लोह दिलं. दुसऱ्या गटाला दर महिन्याला 400 मिलिग्रॅम दिलं, पण ठरलेली वरची मर्यादा ओलांडली की थांबवलं. मृत्यू, हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा हार्ट फेल्युअरसाठी दाखल होणं, यांपैकी काहीतरी पहिल्या गटात 32.3 टक्के लोकांना झालं, दुसऱ्यात 29.3 टक्के. जंतुसंसर्ग वाढला नाही. हार्मोनची इंजेक्शनं कमी लागली, रक्तही कमी वेळा चढवावं लागलं. हा शेवटचा मुद्दा छोटा नाही. बाहेरचं रक्त घेतल्याने शरीरात अँटिबॉडी तयार होऊ शकतात आणि पुढे जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं.

अर्थात मर्यादा आहेतच. अंगात ताप किंवा मोठा जंतुसंसर्ग असेल तर हे इंजेक्शन सहसा पुढे ढकलतात. क्वचित ॲलर्जी होते, बीपी उतरतो. नळीतून औषध जात असताना खाज, धाप किंवा छातीत दडपल्यासारखं वाटलं तर सिस्टरला लगेच सांगा.

रिपोर्टमध्ये नुसतं हिमोग्लोबिन पाहू नका. फेरिटिन आणि ट्रान्सफरिन सॅच्युरेशन असे आणखी दोन आकडे असतात. फेरिटिन म्हणजे साठा, सॅच्युरेशन म्हणजे वापरायला हाताशी असलेलं लोह. अंगात सूज किंवा जंतुसंसर्ग असला की फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं, त्यामुळे दोन्ही एकत्र वाचावे लागतात. पुढच्या वेळी डायलिसिसला जाताना हे दोन्ही आकडे शेवटचे कधी तपासले, एवढं डॉक्टरांना नक्की विचारा.