हौशी छायाचित्रकाराची मिळकत

छायाचित्रणापासून तुम्हांस मिळतें काय, असें आम्हांस घरीं नेहमी विचारतात. पैसा मिळत नाहीं, हें खरें. गाण्याच्या बैठकींत झगझगीत दिव्यानें गवयाची तंद्री मोडणें आम्हांस रुचत नाहीं. भिंगाचें छिद्र पूर्ण उघडून, समेवर त्याचा हात क्षणभर थांबण्याची वाट पाहत आम्ही बसतों. तोच धीर प्राण्यांच्या आश्रयगृहांत उपयोगीं पडला. तेथील काळी कुत्री भर उन्हांतील चित्रांत नुसता डाग दिसे. तिला कोणी नेईना. तिला सावलींत घेऊन आम्ही समोर जमिनीवर बसलों. तिनें मान वर करतांच कळ दाबली. तें चित्र पाहून आडरस्त्यावरील एका वाडीचें कुटुंब तिला घेऊन गेलें. आतां त्या रस्त्यानें चित्रें घेत जातां ती आमच्याकडे धांवत येते. वाचकहो, ह्याहून मोठी मिळकत ती कोणती?