ग्रंथालयात स्वतः जाण्याचा आनंद

हवे ते पुस्तक आता मोबाईलवर शोधता येते, घरपोच मागवताही येते. मग वाचनालयाच्या पायऱ्या कशासाठी चढायच्या, असे मुले विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पुस्तकांच्या मांडणीत आहे.

अनेक ग्रंथालयांत पुस्तके मेल्विल ड्यूई यांच्या दशांश वर्गीकरण पद्धतीने लावतात. ही पद्धत १८७६ साली प्रसिद्ध झाली. सर्व ज्ञानाचे दहा वर्ग, प्रत्येक वर्गाचे दहा विभाग आणि त्यांचे पुन्हा दहा पोटविभाग. एका विषयाची पुस्तके एकत्र राहावीत आणि जवळचा विषय शेजारी यावा, हा तिचा हेतू. वित्तव्यवहाराचा क्रमांक ३३२. त्याच्या अलीकडे ३३१ मध्ये कामगार व श्रम, पलीकडे ३३३ मध्ये जमीन.

बँकेच्या परीक्षेसाठी विद्यार्थी ३३२.१ वर बँकिंगचे पुस्तक शोधू लागला, की थोडे पुढे ३३२.४ वर चलनविषयक पुस्तके असतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा १९२३ साली प्रसिद्ध झालेला ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ याच विषयाचा. ज्याला ग्रंथाचे नावच ठाऊक नाही, तो मोबाईलवर काय शोधणार? कपाटापुढे उभे राहिल्यावर मात्र असा ग्रंथ आपोआप नजरेस पडू शकतो. न मागता मिळालेले पुस्तक, हा ग्रंथालयाचा पहिला आनंद होय. म्हणूनच डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडताना वाचकाला थेट कपाटापर्यंत जाऊ द्यावे, असा आग्रह धरला.

दुसरा आनंद निवांत चाळण्याचा. अनुक्रमणिका पाहावी, दोन पाने वाचावीत, नाही रुचले तर परत करावे. खिशाला चाट बसत नाही.

तिसरा आनंद जागेचा. दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही, पाहुणे आणि स्वयंपाक यांच्यामध्ये अभ्यास करणाऱ्या मुलाला शांत टेबल म्हणजे काय, हे निराळे सांगायला नको. समोरचा वाचताना पाहून आपलेही मन वाचनात स्थिर होते.

विद्यार्थी मित्रहो, पुढच्या वेळी हवे असलेले पुस्तक हाती आले की लगेच परतू नका. त्याच्या डावी-उजवीकडची पाच-पाच पुस्तके पाहा. कपाटे बंद असतील तर ग्रंथपालांना विचारा. नेमलेले पुस्तक परीक्षेपुरते उपयोगी पडेल. शेजारचे पुस्तक कदाचित जन्मभर पुरेल.