राजकुमाराचा आवाज बदलला तेव्हा

गाजलेल्या गेमचा पुढचा भाग आला की कथानक, ग्राफिक्स, मारामारी यांची तुलना लगेच सुरू होते. मूळ गेमचा सूर टिकला का, हा प्रश्न मागे राहतो, कारण सूर नेमका कशात असतो हे दाखवणं अवघड. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या बाबतीत मात्र ते बोट ठेवून दाखवता येतं.

जॉर्डन मेकनरनं १९८९ साली ॲपल टू संगणकासाठी केलेला पहिला गेम आपल्याकडेही डॉसच्या जमान्यात पुष्कळांनी खेळला. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून मेकनरनं त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून राजकुमाराच्या हालचाली रेखाटल्या. २००३ मध्ये युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओनं ‘द सँड्स ऑफ टाइम’ आणला, त्याचं लेखनही मेकनरचंच. कथेची सुरुवात भारतात आहे. पर्शियाची फौज एका महाराजाच्या राजवाड्यावर चालून जाते, राजकुमाराच्या हाती काळ मागे फिरवणारा खंजीर लागतो आणि वजिराच्या बोलण्याला भुलून तो शापित वाळू मोकळी करतो. माणसांचे राक्षस होतात. महाराजाची कन्या फराह तेवढी त्याच्या सोबतीला उरते.

पण हे सगळं राजकुमार आपल्या तोंडानं कुणाला तरी सांगतो आहे. खेळणाऱ्याची उडी चुकली तर खंजिरानं वेळ मागे नेता येते. खंजिरातली वाळू संपली असेल आणि राजकुमार दरीत कोसळला, तर त्याचाच आवाज येतो: छे, असं झालंच नव्हतं. मरण ही सांगण्यातली चूक ठरते! शिक्षा नाही, हिणवणं नाही, एक गोष्टवेल्हाळ माणूस स्वतःला सावरून घेतो. माझ्या मते या गेमचा सूर तिथे आहे. ऐकणारी फराहच आहे, आणि काळ मागे गेल्यामुळे तिला यातलं काहीच आठवत नाही, हे शेवटी कळतं. निरोपाच्या वेळी ती त्याचं नाव विचारते, तेव्हा तो एक शब्द उच्चारतो. फराहला लहानपणी तिच्या आईनं सांगितलेला, फराहनं कधी कुणाला न सांगितलेला तो शब्द. व्हिडिओ गेममध्ये इतका हळवा शेवट मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे.

पुढच्याच वर्षी ‘वॉरियर विदिन’ आला. पहिल्या भागातली मारामारी एकसुरी आहे ही तक्रार खरी होती आणि ती इथे झकास दूर झाली. कथाही बेइमान नव्हती: काळाशी खेळलास, आता किंमत मोज, म्हणून दहाका नावाचा काळपुरुष राजकुमाराच्या मागे लागतो. हे तर पहिल्या भागातूनच निघतं. पण राजकुमार आता दात-ओठ खाऊन बोलतो, त्याचा आवाज देणारा नटही बदलला. पार्श्वभूमीला गॉडस्मॅक या अमेरिकी मेटल बँडचं संगीत, तुटणारी मुंडकी, अमेरिकेत सतरा वर्षांवरच्यांसाठीचं मानांकन. वेळ मागे फिरवायची सोय तशीच राहिली, मात्र मेल्यावर सावरून घेणारा निवेदक गेला. या भागात मेकनरचा सहभाग नव्हता. त्यातली हिंसा आपल्याला रुचली नाही, हे त्यानं उघडपणे सांगितलं.

काळोख आणला म्हणून मी या भागाला दोष देत नाही. पाठलागाच्या धास्तीनं माणूस कडवट होणं स्वाभाविक आहे. खटकतं ते एवढंच की खेळणाऱ्याला विश्वासात घेऊन बोलणारं कुणी उरलं नाही.

स्टुडिओलाही ते जाणवलं असावं. २००५ च्या ‘द टू थ्रोन्स’मध्ये युरी लोवेन्थलचा जुना आवाज परतला, फराह परतली, निवेदनही परतलं, फक्त ते आता दुसऱ्या भागातल्या कायलीनाच्या तोंडी आलं. कडवट राजकुमार त्याच्याच अंगातला दुसरा जीव होऊन त्याच्याशी वाद घालतो. दुसरा भाग न नाकारता त्याला जागा करून देणारी ही युक्ती मला फार आवडते. २०१० च्या ‘द फरगॉटन सँड्स’मध्येही लोवेन्थलच होता, पण चुकलेली गोष्ट दुरुस्त करणारा निवेदक नव्हता. खेळताना आवाज ओळखीचा वाटला, माणूस नाही.